मुक्या रुग्णांचे वैद्य

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गाच्या बाजूस, अंबड नावाचे गाव आहे. आज अंबड म्हटले की कारखान्यांची विस्तीर्ण वसाहत, पाळीच्या वेळी रस्त्यांवरून लोटणारा कामगारांचा लोंढा आणि अहोरात्र चालणारी यंत्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. एके काळी मात्र हा सारा परिसर शेतीचा होता. जमिनी गेल्या, कारखाने आले. तथापि विल्होळी, पाथर्डी यांसारख्या लगतच्या गावांकडे वळले की शेती अजून दृष्टीस पडते. नाशिक जिल्हा हा डांगी जातीच्या गुरांचाही प्रदेश होय. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात चिखल तुडवीत काम करणारा डांगी बैल या मुलखातील शेतकऱ्याचा जुना सोबती आहे.

श्रावणी अमावास्येला पोळा येतो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, शिंगे साळून त्यांना हिंगूळ लावतात, वर बेगड चिकटवितात आणि टोकांना पितळी शेंब्या बसवितात. शिंगे ही बैलाची शोभा, आणि धन्याचा अभिमानही. परंतु याच शिंगाच्या पोकळीत कधी कधी एक घातक दुखणे गुपचूप वाढत असते. ते म्हणजे शिंगाचा कर्करोग. हा रोग ओळखणारे, त्यावर शस्त्र चालविणारे आणि तो मुळात का होतो याचा शोध घेणारे जे पशुवैद्य आहेत, त्यांच्या कार्याची ओळख आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांना तरी असावयास हवी.

समजा, अशा एखाद्या गावात एका शेतकऱ्याचा आठ वर्षांचा बैल आहे. कामात तो कधी मागे सरला नाही. पण काही दिवसांपासून तो मान एका बाजूस कलती धरतो. मधूनच डोके झटकतो. गोठ्याच्या खांबावर एकच शिंग पुनःपुन्हा घासतो. त्या शिंगाला हात लावू गेल्यास मान काढून घेतो. घरातील माणसांना वाटते, दुसऱ्या बैलाशी झोंबी झाली असेल, मुका मार लागला असेल. पुढे एके सकाळी त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त ठिबकलेले दिसते. तेव्हाही उष्णतेने घोळणा फुटला असेल, असे म्हणून कोणी डोक्यावर गार पाणी ओततो. आठवड्यांमागून आठवडे जातात. शिंग मुळाशी मऊ पडू लागते, वाकते, लोंबते आणि अखेरीस त्याचे टरफल गळून पडते. खाली फुलकोबीच्या गड्ड्यासारखी लालसर मांसवाढ दिसू लागते. तिला दुर्गंधी सुटते, माश्या बसतात, अळ्या पडतात. इतके झाल्यावर बैलाला दवाखान्यात नेतात. आणि तोवर बहुधा फार उशीर झालेला असतो.

शिंगाच्या रोगाचे रक्त नाकातून का यावे, हा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर शिंगाच्या घडणीत आहे. बाहेरून दिसणारे शिंग हे केवळ कठीण आवरण होय. ते आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे बनलेले असते. या आवरणाच्या आत कपाळाच्या हाडातून निघालेला हाडाचा सुळका असतो. वासरू लहान असताना तो भरीव असतो. वासरू मोठे होऊ लागले म्हणजे कपाळातील हवेची पोकळी त्या सुळक्यात शिरते आणि शिंग आतून पोकळ होते. या पोकळीला ओलसर, नाजूक त्वचेचे अस्तर असते आणि तिची वाट नाकापर्यंत पोहोचते. शिंगाचा कर्करोग आरंभ पावतो तो या अस्तरात, विशेषतः शिंगाच्या मुळाशी. तेथे रक्तस्राव झाला की रक्त त्याच वाटेने नाकपुडीत उतरते. म्हणून त्या चार थेंबांची उपेक्षा करणे परवडत नाही.

आता कर्करोग म्हणजे काय, हे पाहू. प्राण्यांचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. जखम झाली की पेशी वाढून ती भरून काढतात आणि भरली की थांबतात. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. काही पेशींमध्ये असा बिघाड होतो की त्या थांबण्याचे विसरतात. गरज नसताना त्या वाढत राहतात, शेजारच्या निरोगी भागात घुसतात आणि कधी रक्तातून अथवा लसीकेतून दूरच्या अवयवांत जाऊन तेथेही ठाण मांडतात. प्राचीन ग्रीक वैद्यांना अशा गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी तिला खेकड्याचे नाव दिले. आपला ‘कर्क’ हा शब्दही खेकड्याचाच वाचक आहे. माणसाप्रमाणेच गाय, कुत्रा, मांजर, कोंबडी, इतकेच काय पण मासादेखील या रोगातून सुटलेला नाही. बैलाच्या शिंगाचा कर्करोग एका जनावराकडून दुसऱ्यास लागत नाही, हे येथेच सांगून ठेवले पाहिजे. कारण संसर्गाच्या भीतीने आजारी बैलाला रानात एकटे बांधून ठेवणारे लोकही आढळतात.

पशुवैद्याची पहिली अडचण अशी की त्याचा रुग्ण बोलत नाही. कोठे दुखते, कधीपासून दुखते, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून तो धन्याला खोदून खोदून प्रश्न विचारतो. बैल डोके कोणत्या बाजूस कलते धरतो? रक्त कोणत्या नाकपुडीतून आले? प्रथम केव्हा दिसले? मग तो बोटांनी दोन्ही शिंगे ठोकून पाहतो. निरोगी शिंग पोकळ भांड्यासारखे वाजते. आत मांस वाढलेले शिंग बद्द वाजते. शिंगाच्या मुळाशी ऊब अधिक आहे काय, कानाखालची गाठ सुजली आहे काय, हे तो चाचपतो. संशय बळावला तर आतल्या वाढीचा लहानसा तुकडा काढून तो प्रयोगशाळेत पाठवितो. तेथे त्याचे अतिशय पातळ काप घेतात, ते रंगवितात आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. तेथे पेशींचा बेशिस्तपणा दिसला म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

यावर मुख्य उपाय शस्त्रक्रियेचा आहे. बैलाला गुंगीचे औषध देऊन काळजीपूर्वक आडवे पाडतात. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या मुळाकडे एक मज्जातंतू जातो. त्याच्याजवळ सुई टोचून तो बधिर केला की शिंगाची संवेदना नाहीशी होते. मग शिंगाच्या मुळाभोवतीची कातडी कापून ती दोन्ही बाजूंस उलटून धरतात, तारेच्या करवतीने शिंग मुळापासून कापतात, वाहणाऱ्या रक्तवाहिन्या बांधतात अथवा तापलेल्या उपकरणाने बंद करतात, पोकळीतील सर्व रोगट मांस खरवडून काढतात आणि कातडीचे पदर एकत्र आणून शिवून टाकतात. रोगट मांसाचा कण जरी मागे राहिला तरी तो पुन्हा वाढण्याचा संभव असतो. म्हणून या कामी घाई उपयोगी नाही. पुढे सुमारे दहा-बारा दिवसांनी टाके काढतात. रोग शिंगापुरताच असताना शस्त्रक्रिया झाली तर बैल बरा होऊन पुन्हा जोताला लागू शकतो. तो एकशिंगी दिसतो खरा. पण ज्या शेतकऱ्याची जोडी ऐन पेरणीत मोडण्याच्या बेतात होती, त्याला त्या एका शिंगाचे दुःख फारसे वाटत नाही. रोग कपाळाच्या हाडात शिरला असेल तर मात्र निष्णात शल्यवैद्याचेही हात बांधले जातात.

दुर्दैवाने काही ठिकाणी अजून निराळेच उपचार चालतात. कोणी शिंगाच्या मुळाशी तापल्या लोखंडाचा डाग देतो, कोणी जखमेत तेल नाही तर आणखी काही ओततो. यामुळे रोग तर जात नाहीच. उलट मुक्या प्राण्याला विनाकारण यातना होतात आणि शस्त्रक्रियेची योग्य वेळ निघून जाते. अज्ञानातून घडणाऱ्या या क्रौर्याला हेतू चांगला होता एवढ्याने क्षमा मिळू नये.

शस्त्रक्रियेनंतर रोग उलटू नये म्हणून पशुवैद्य कित्येकदा शिरेतून एक औषध देतात. त्याचे नाव व्हिन्क्रिस्टीन. नाव परके असले तरी त्याचे मूळ आपल्या परिचयाचे आहे. अंगणात, देवळापाशी, पडक्या भिंतीच्या कडेला बारा महिने फुलणारी जी सदाफुली, तिच्यातून हे द्रव्य मिळते. १९५८ साली कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी याच झाडातून कर्करोगावर चालणारे एक द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचे भावंड असलेले व्हिन्क्रिस्टीन उपयोगात आले. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, त्या क्रियेतच हे औषध अडथळा आणते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते दिले जाते आणि बैलाच्या शिंगाच्या कर्करोगावरही. मात्र सदाफुलीची पाने चघळून कोणी रोग बरा करू पाहील तर तो स्वतःच आजारी पडेल. ते झाड विषारी आहे. औषध होते ते शुद्ध करून, अचूक मोजून दिल्यावरच.

पशूंच्या कर्करोगाचा अभ्यास केवळ पशूंच्याच उपयोगी पडतो असे नाही. या शास्त्रातील कित्येक मोठ्या शोधांचा आरंभ जनावरांपासून झालेला आहे. १९०९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत पेटन राउस नावाच्या तरुण संशोधकाकडे एका शेतकऱ्याची कोंबडी आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. राउसने ती गाठ वाटून तिचा रस केला आणि पेशी वरच अडकून राहतील अशा अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून तो गाळला. पेशीविरहित असा तो रस त्याच जातीच्या दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या. म्हणजे त्या रसात पेशींहून कितीतरी सूक्ष्म असे रोगाचे बीज होते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. १९११ साली राउसने हे प्रसिद्ध केले, पण विद्वानांनी त्याकडे बहुतांशी दुर्लक्षच केले. कोंबडीची गाठ ती काय, आणि तिच्यावरून माणसाच्या रोगाविषयी बोलणार कसे, असा त्यांचा सूर होता. अखेर १९६६ साली राउसला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी त्याचे वय ८७ वर्षांचे होते!

जपानमधील यामागिवा आणि इचिकावा या दोघांची चिकाटीही अशीच लक्षात राहण्याजोगी आहे. इंग्लंडमधील धुराडी झाडणाऱ्या मुलांना पुढे एक प्रकारचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी असावे, हे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्ये सांगितले होते. परंतु प्रयोगाने ते कोणी सिद्ध केले नव्हते. या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळले. इतर संशोधक कंटाळून ज्या ठिकाणी प्रयोग सोडून देत, त्याच्या पुढेही ते चोळीतच राहिले, आणि १९१५ साली त्यांना सशाच्या कानावर कर्करोग उत्पन्न झालेला दाखविता आला. त्या सशांनी भोगलेले दुःख मात्र या यशाच्या आनंदात विसरता येत नाही. आज जनावरांवर प्रयोग करण्यापूर्वी अनुमती घ्यावी लागते आणि त्यांना होणाऱ्या वेदना कमीत कमी ठेवण्याचे बंधन पाळावे लागते, ही योग्यच गोष्ट झाली.

महाराष्ट्रात या अभ्यासाचे माहेर म्हणजे मुंबईतील परळ. कोणे एके काळी घोड्यांच्या वैद्याला आपल्याकडे सालोतरी म्हणत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानलेल्या शालिहोत्राच्या नावावरून तो शब्द आला आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखातही माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. पण आधुनिक पशुवैद्यकाचे शिक्षण या भागात रीतसर सुरू झाले ते १८८६ साली, परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. सर दिनशा पेटिट या दानशूर पारशी गृहस्थाच्या साहाय्याने उभे राहिलेले जनावरांचे रुग्णालय तेथे होतेच. पुढे १९४१ मध्ये त्याच परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. माणसांच्या कर्करोगासाठी देशभरातून रुग्ण तेथे येऊ लागले. जनावरांचा दवाखाना आणि माणसांच्या कर्करोगाचा दवाखाना असे एकाच उपनगरात नांदू लागले.

टाटा रुग्णालयात विकृतिशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. रोगी शरीरातील पेशींचा अभ्यास करणारे ते थोर शास्त्रज्ञ. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या संशोधकांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. माहेरचे आडनाव समर्थ. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा; मुलीचा ओढा जीवशास्त्राकडे. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकून, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी घेऊन त्या मुंबईस आल्या आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाच्या पीएच. डी. झाल्या. नंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली आणि स्वदेशी परतून परळला तशी प्रयोगशाळा उभारली.

कमलाबाईंचे मुख्य काम उंदरांवर झाले. उंदरांच्या काही कुळांमध्ये माद्यांना स्तनांचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होतो. तो केवळ वंशामुळे होतो काय? अमेरिकेतील जॉन बिट्नर याने १९३६ साली असे दाखविले होते की रोगी कुळातील पिले जन्मताच निरोगी दाईच्या दुधावर वाढविली तर रोगाचे प्रमाण पुष्कळ घटते. म्हणजे दुधातूनही काहीतरी येत असले पाहिजे. पुढे तो विषाणू असल्याचे कळले. कमलाबाईंनी हा धागा पुढे नेला. वंश, विषाणू आणि शरीरातील संप्रेरके, म्हणजे रक्तातून फिरून निरनिराळ्या अवयवांना कामास लावणारी द्रव्ये, ही तिन्ही एकमेकांशी कशी गुंतलेली असतात, याचा त्यांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २००१ मध्ये त्या निवर्तल्या.

उंदरांच्या या कथेतील संप्रेरके आपल्याला पुन्हा बैलाच्या शिंगाकडे घेऊन येतात. कारण शिंगाच्या कर्करोगात एक विलक्षण गोष्ट दिसते. हा रोग बहुतांशी बैलांना, म्हणजे खच्ची केलेल्या नरांना होतो. गाईंना तो त्यामानाने कमी होतो आणि वळूंना तर क्वचितच. म्हशींत तो विरळा, विलायती जातीच्या गाईंतही विरळा. परंतु आपल्या वशिंड असलेल्या गुरांत तो वारंवार आढळतो. त्यातही पाच ते दहा वर्षे वयाची जनावरे अधिक.

येथे घाईने निष्कर्ष काढणाऱ्याची फसगत होते, ती कशी हे पाहण्याजोगे आहे. समजा, एका गावात शंभर बैल आणि दोनच वळू आहेत. वर्षभरात दोन बैलांना रोग झाला, वळूंना एकही झाला नाही. यावरून वळूंना रोग होत नाही असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. शंभरांत दोन या प्रमाणाने दोन वळूंत एखादाही रोगी सापडण्याचा संभव अत्यल्पच होता! शिवाय हा उतारवयाकडे झुकलेल्या जनावरांचा रोग. बैलाला शेतकरी म्हातारपणापर्यंत सांभाळतो, पण पैदाशीचा वळू तितका काळ ठेवतातच असे नाही. म्हणून संशोधकाला नुसते रोगी मोजून भागत नाही. निरोगी किती होते, त्यांची वये काय होती, जाती कोणत्या होत्या, हेही मोजावे लागते. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेतील नाईक, बाळकृष्णन आणि रांदेलिया या संशोधकांनी नेमके याच दिशेने काम केले. भारतीय गुरांच्या कोणत्या जातीत शिंगाचा कर्करोग किती प्रमाणात आढळतो, याचा अभ्यास करून त्यांनी तो १९६९ साली ब्रिटनमधील पशुवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

मग कारण कोणते? खच्ची केलेल्या बैलाच्या शरीरात नराची संप्रेरके फारशी राहत नाहीत. त्यांच्या अभावी शिंगातील अस्तर दुबळे होत असावे, असे काहींचे मत आहे. काहींना शिंगांवरील दोरांचे घर्षण, शिंगे साळण्याने होणारी इजा, वर लावलेले रंग किंवा उन्हाचा मारा यांचा संशय येतो. पण नुसते घर्षण हेच कारण मानावे, तर आपल्याकडे जू मानेवर असते, शिंगांवर नसते. नुसती संप्रेरके म्हणावीत, तर बहुतेक रोगी बैलांचे एकच शिंग का बिघडते? दोन्ही शिंगांना रक्त तर एकच मिळते. अनेक कारणे एकत्र येत असावीत, एवढेच आज म्हणता येते. रोग टाळण्याचा एक मार्ग मात्र ठाऊक आहे. वासरू काही आठवड्यांचे असतानाच पशुवैद्याकडून शिंगाचा कोंब बधिर करून जाळून घेतला तर शिंग उगवतच नाही, आणि जे नाही त्याला रोगही नाही. पण शिंगावाचून बैलाची कल्पना आपल्या शेतकऱ्याला सहन होत नाही. पोळ्याच्या दिवशी हिंगूळ लावावा कशाला? या भावनेला हसण्याचे कारण नाही. तिची आणि शास्त्राची सांगड घालणे हेही पशुवैद्याच्या कामातच येते.

असा तज्ज्ञ व्हावयाचे तर मार्ग लांबचा आहे. बारावीला विज्ञान घेऊन प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पशुवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. त्यात शेवटी प्रत्यक्ष दवाखान्यातील उमेदवारी असते. त्यानंतर शल्यचिकित्सा, औषधोपचार किंवा विकृतिशास्त्र यांपैकी एका विषयात पदव्युत्तर शिक्षण आणि मग पुढील संशोधन. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत. २००० साली नागपूर येथे पशुविज्ञानासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यापासून ती त्याच्या छत्राखाली आहेत. या विद्यार्थ्याला सुईच्या अग्राएवढी पेशी पाहण्याची नजर हवी आणि पाचशे किलो वजनाचे जनावर आडवे पाडण्याची युक्तीही हवी. दोन्ही गुण एका माणसात क्वचितच सापडतात. पण शिकता येतात.

अंबडसारख्या ठिकाणी या तज्ज्ञापुढचे रुग्ण आता बदलत चालले आहेत. बैलांची जागा पुष्कळशी ट्रॅक्टरने घेतली, आणि कामगारांच्या घरांतून व सदनिकांतून कुत्री-मांजरे वाढली. चांगला आहार आणि रोगप्रतिबंधक लसी यांमुळे कुत्री पूर्वीपेक्षा अधिक वर्षे जगतात. म्हणून म्हातारपणाचे रोगही अधिक दिसतात. कुत्रीच्या पोटाखाली आचळांजवळ होणारी गाठ हे त्यांतील नेहमीचे उदाहरण. योग्य वयात, माजावर येण्यापूर्वी, कुत्रीची वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया केल्यास या गाठींचा धोका फार मोठ्या प्रमाणात घटतो. येथेही संप्रेरकांचाच संबंध आहे. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना होणारा हाडांचा कर्करोग तर वाढत्या वयाच्या मुलांना होणाऱ्या हाडांच्या कर्करोगाशी इतका जुळता आहे की, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ साली कुत्र्यांच्या कर्करोगाचा माणसाच्या रोगाशी तुलनेने अभ्यास करण्याची योजनाच सुरू केली. एकाच घरात राहणारा, तीच हवा घेणारा, तेच पाणी पिणारा हा प्राणी आपल्याबरोबर आपली दुखणीही वाटून घेतो.

कुत्र्यावर उपचार करताना तज्ज्ञाचा विचार माणसाच्या डॉक्टरपेक्षा थोडा वेगळा असतो. माणसाला सांगता येते, ‘सहा महिने त्रास सोस, पुढे बरा होशील.’ कुत्र्याला पुढचे काही कळत नाही. त्याला आजची वेदना तेवढी कळते. म्हणून औषधांची मात्रा बेताची ठेवतात, आणि उरलेले दिवस खाण्या-खेळण्यात, वेदनेवाचून जावेत हे उद्दिष्ट धरतात. खर्च किती येईल, तो घराला झेपेल काय, हेही त्याला मोकळेपणाने बोलावे लागते. आणि रोग हाताबाहेर गेला असेल तर तेही स्पष्ट सांगावे लागते. शेजारी रडणारे मूल असते, त्याच्यादेखत सांगावे लागते. महाविद्यालयातील ग्रंथांत हा धडा नाही.

दिवस संपला की असा वैद्य आपली नोंदवही उघडतो. जनावराची जात, वय, नर की मादी, खच्ची केलेले की नाही, गाठ कोठे, किती मोठी, धन्याच्या प्रथम केव्हा लक्षात आली, काढलेला तुकडा कोणत्या प्रयोगशाळेस पाठविला, हे सारे तो लिहून ठेवतो. बैल बरा होऊन गेला तरी सहा महिन्यांनी त्याची विचारपूस करून त्याच ओळीपुढे लिहितो. वळूचे शिंग का वाचते आणि बैलाचे का बिघडते, या प्रश्नाचे उत्तर अजून कोणत्याही एका वहीत सापडलेले नाही. ते अशा पुष्कळ वह्या एकत्र ठेवून शोधावयाचे आहे.